पाणी दगडाला लागेपर्यंत

"चार ओळी तर लिहायच्यात," जयवंत फोनवर म्हणाला. "तू तिकडं धरणांवर एवढे जाडजूड अहवाल लिहितेस. हा तर तुझ्या डाव्या हातचा मळ."

जयवंत माझा चुलतभाऊ, आणि या खेपेला गावाचा सरपंच. मुठा खोऱ्यातल्या आमच्या गावात भैरवनाथाच्या अंगणात स्मृतिस्तंभ उभा राहायचा होता. दुसऱ्या महायुद्धात गावातले बरेच जण देवसाळ संस्थानच्या पलटणीत भरती होऊन ब्रह्मदेशात लढले होते. त्यांची नावं दगडावर येणार होती, आणि सगळ्यांच्या वर पलटणीचे कमांडर म्हणून युवराज त्रिविक्रमरावांचं.

"मग अडलंय कुठं?" मी विचारलं. अडलं नसतं तर त्यानं पुण्यात फोन केला नसता.

"रंभाआत्यापाशी."

एवढ्यावर मला कळलं. आमच्या गावात एक रीत आहे. देवाच्या अंगणात काही उभारायचं असेल आणि त्यावर कुणाचं नाव येणार असेल, तर त्या माणसाच्या घरातल्या कुणीतरी गावकीत उभं राहून होकार द्यावा लागतो. तिथं बहुमत चालत नाही. एक घर नको म्हणालं की कुदळ पडत नाही. बाकी सगळ्या घरांचा होकार आला होता. रंभाआत्या म्हणाली होती, माझ्या बापाचं नाव लिहा, पण त्याच्या डोक्यावर त्या पळपुट्याचं नाव नको.

"तू असं काहीतरी लिही," जयवंत म्हणाला, "की युवराज पण राहतील आणि आत्या पण गप बसंल."

मी नद्यांचे प्रवाह मोजते. दोन्ही बाजूंना बरं वाटेल असं लिहिण्याची मला सवय नाही. तरी मी हो म्हटलं, कारण युवराजांबद्दल मला लहानपणापासून कुतूहल होतं. गावात ज्यांचे आजे-पणजे युद्धावरून परतले त्या घरांत युवराज म्हणजे जवळजवळ कुळाचा देव. प्रत्येक आळीत एक तरी 'तिर्विक्रम' आहे. आणि ज्या घरचा माणूस परतला नाही, त्या कोंडाजीच्या घरात, म्हणजे त्याच्या मुलीच्या, सगळं गाव आत्या म्हणतं त्या रंभाआत्याच्या घरात, त्यांचं नाव काढलेलं चालत नाही.

आधी मी छापलेलं सगळं वाचलं. एका इंग्रज अधिकाऱ्याच्या आठवणींत युवराजांवर अर्धं पान आहे. बेचाळीस सालच्या माघारीत त्यांची पलटण एका नदीच्या उताराशी, म्हणजे पाण्यातून चालत पार होता येईल अशा जागी, होती. युवराज पलटण घेऊन अलीकडे आले आणि पलीकडे ठेवलेल्या पिछाडीच्या तुकडीला परत बोलावण्याचा हुकूम द्यायला विसरले. ती तुकडी तिथंच संपली. 'हे त्यांनी चौकशीत स्वतः मान्य केलं,' असं त्या अधिकाऱ्यानं लिहिलंय, आणि त्यानंतर त्यांच्याकडून पलटण काढून घेतली गेली. संस्थानानं पुढं काढलेल्या गौरवग्रंथात त्या नदीचा उल्लेखच नाही. त्यात युवराज पांढऱ्या घोड्यावर आहेत, आणि त्या जंगलात तर खेचरंसुद्धा टिकत नव्हती.

खरं काय ते या दोहोंच्या मध्ये असावं असं मला वाटलं. काही गोष्टींवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. त्या माघारीत अनेक पलटणी विस्कळीत झाल्या. युवराजांची पलटण शस्त्रांसकट, रांगेत परतली. हिवतापानं अंग तापलेलं असताना ते चालत आले. त्यांच्यासाठी आणलेली डोली त्यांनी पाय सुजलेल्या एका शिपायाला दिली. शिपाई जेवल्याशिवाय ते जेवत नसत. असा माणूस हुकूम द्यायला विसरला, हे मला पटेना. पण न पटणं हा काही पुरावा नव्हे.

शनिवारी मी गावी गेले. रंभाआत्या ओट्यावर वाल सोलत बसली होती. ऐंशी ओलांडलेली, पण कणा ताठ. बाप युद्धावर गेला तेव्हा ती आईच्या पोटात होती. एकुलती एक म्हणून नवरा घरजावई आणला, आणि कोंडाजीचं घर तिनं चालवलं.

"आली का वकील?" ती म्हणाली. "जयवंत्यानं पाटवली ना?"

"वकील नाही गं. लिहायला सांगितलंय."

"मग लिही. कोंडाजी लडता लडता मेला. आन त्याचा राजा पानी वलांडून पळाला. झालं तुजं लिवून."

मी तिच्याबरोबर वाल सोलायला बसले आणि पुस्तकांत काय वाचलं ते सांगितलं. जरा वेळानं ती आपण होऊन बोलू लागली.

"युद्ध संपल्यावर आला हुता तो हितं. मी एवडीशी हुते. घरोघरी गेला. लोकांनी पायघड्या घातल्या. आमच्या दारात आला तर आई उंबऱ्यात उबी. म्हनली, राजे, माजा मानूस कुटं सोडला ते सांगा, मग आत या. तो काय बोलला न्हाई. टोपी काडून उनात उबा ऱ्हायला आन गेला. मला वाटलं, लई मोटा मानूस, पर मान खाली."

"काहीच बोलला नाही?"

"काय बोलंल? तोंड हाय का?" तिनं एक किडका दाणा लांब फेकला. "तू नदीचं शिकलीस ना? मग एक सांग. माजा बाप पान्यात उतरला आसता, तर वाचला आसता का?"

"ती नदी मी पाहिलेली नाही, आत्या."

"मग काय शिकलीस?"

तिथून मी दादासाहेबांकडे गेले. दादासाहेब एसटीतून निवृत्त झालेले चालक. पौडच्या स्टँडवर अजून त्यांना ओळखतात. त्यांचे वडील विश्राम युद्धात युवराजांचे हरकारे होते, म्हणजे निरोप घेऊन धावणारे. वडिलांकडून काही ऐकलं असेल, एवढीच माझी आशा होती. मी कच्चा मजकूर वाचून दाखवला. त्यात एक वाक्य होतं: 'पिछाडीच्या तुकडीला हुकूम पोचला नाही, असं मानलं जातं.'

दादासाहेब ताडकन उठले. "कोन मानतं? गाडव मानतात!"

"युवराजांनी स्वतःच तसं सांगितलंय, दादा. चौकशीत."

"सांगितलं. म्हाईत हाय मला सांगितलं." ते खाली बसले. आतल्या घरात कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं. मग आवाज खाली घेऊन म्हणाले, "सायली, तुला पाणदेव ठाव हाय का?"

मला ठाऊक नव्हता. माझ्या जन्मानंतर वर टेमघरचं धरण झालं. आता नदीला पाणी सुटणार असेल तर मोबाइलवर निरोप येतो. त्याआधी गावाच्या उताराशी शेंदूर लावलेला एक दगड होता. त्याला पाणदेव म्हणत. घाटमाथ्यावर पाऊस झाला की इथं ऊन असतानाही नदी फुगते. पाणी पाणदेवाच्या पायाला लागलं की देवानं नदी बंद केली असं मानायचे. मग कुणीही उतरायचं नाही. वऱ्हाड असो, बाळंतीण असो, ज्या काठाला माणूस असेल त्या काठाला राहायचं.

"आपली पोरं तिकडं गेली तरी हितलीच," दादासाहेब म्हणाले. "तितल्या उताराशी कोंडाजीनं एक दगड उबा केला. शेंदूर कुटनं आननार? तांबडी माती फासली. रोज सकाळी हात जोडायचे. युवराजांनी बगितलं. हसले न्हाईत हां, इंग्रज सायब हसायचा, हे न्हाई. विचारलं, ह्यो काय? तर सांगितलं, पान्याचा देव हाय, पानी किती चडलं ते दावतो."

"आणि उतरायचं नाही, ते नाही सांगितलं?"

"ते सांगायला लागतं का? आपल्यात पोरासोरांना ठाव. युवराजांना काय ठाव? ते वाड्यात वाडलेले."

मग पलटण निघायची वेळ आली. मागं शत्रू. नदी उथळ आहे तोवर शत्रूही उतरून येणार, म्हणून कुणीतरी पलीकडचा काठ धरून ठेवायचा होता. पाणी पुरेसं चढलं की नदीच पहारा करील. युवराजांनी कोंडाजीला बोलावलं आणि समोर उभं राहून हुकूम दिला: पाणी तुमच्या दगडाला लागेपर्यंत थांबा, आणि लागलं की ताबडतोब इकडे या. विश्राम शेजारीच उभे होते. कोंडाजी म्हणाला, "व्हय महाराज."

"आपल्या लोकांना कळंल अशी खूण सांगितली, म्हनून त्यांना बरं वाटलं आसंल," दादासाहेब म्हणाले. "सगळी पलटन उतरली. युवराज सगळ्यांच्या शेवटी. दुपारी पानी दगडाला लागलं. कोंडाजी काय येईना. युवराज काठाला उबं राहून हाका मारत्यात, हात करत्यात. माजा बा गुडगाभर पान्यात जाऊन वरडला. कोंडाजीनं दगडाकडं बोट दावलं, हात जोडलं, आन फिरला. मग शत्रू आला. पानी चडल्यामुळं त्याला अलीकडं येता आलं न्हाई. पलटन वाचली. कोंडाजी आन त्याची मानसं, खोऱ्यातल्या दुसऱ्या गावांची, तितंच."

"मग ते विसरलो असं का म्हणाले?" मी विचारलं.

"चौकशीच्या आदल्या दिवशी युवराजांनी माज्या बाला बोलावलं. तवर त्यांना पाणदेवाचं सगळं कळलं हुतं, बानंच सांगितलं हुतं. म्हनले, विश्राम, मी हुकूम दिला म्हनलो तर हे लोक हुकूम मोडून मेले आसं लिवलं जाईल. घरच्यांचं पेन्शन जाईल, नाव जाईल. इंग्रजाला दगडाचं सांगून पटायचं न्हाई. तवा तू काय ऐकलं न्हाईस. मी विसरलो."

"आणि तुमचे वडील?"

"न्हाई ऐकलं म्हनले. मरस्तवर. मला मरताना सांगितलं, आन रंभीला कळता कामा न्हाई म्हनले." त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "तुला पन सांगायला नको हुतं. ते 'मानलं जातं' काडून टाक. नुसती नावं लिव. त्यांनी जे झाकलं ते तू उगडू नकोस."

त्या संध्याकाळी मी मजकूर पुन्हा लिहायला बसले. हुकुमाचं वाक्य काढलं की युवराजांवरचा डाग तसाच राहत होता. खरं लिहिलं की तो डाग कोंडाजीवर जात होता, आणि ज्या बापाच्या नावावर रंभाआत्यानं आयुष्य काढलं त्याच्यावर मी शिक्का मारणार होते. एखादं निरीक्षण गैरसोयीचं आहे म्हणून गाळायचं नसतं, हे मी विद्यार्थ्यांना शिकवते. पण हे निरीक्षण माझं नव्हतं. दुसऱ्यानं विश्वासानं दिलेलं होतं. शेवटी मी ते वाक्य काढलं. हुकुमाबद्दल अवाक्षर ठेवलं नाही.

रविवारी सकाळी देवळाच्या सभामंडपात गावकी बसली. मी मजकूर वाचला. मुकाट्यानं ऐकून घेऊन रंभाआत्या उभी राहिली.

"नाव हाय तितंच हाय ना? वर?"

"आत्या, कमांडर होते ते," जयवंत म्हणाला. "कमांडरचं नाव खाली टाकलं तर लोक हसतील."

"हसू दे. माज्या बापाला सोडून पळाला तवा कोन हसलं? टोपी घातली म्हंजी कोन राजा हुत न्हाई. पळपुटा तो पळपुटाच."

"रंभे!" दादासाहेब ओरडले. "त्वांड आवर!"

"का आवरू? तुज्या बाला संगं घेऊन पळाला म्हनून तुला ग्वाड लागतोय तो!"

दादासाहेब उठून उभे राहिले. मी मान हलवून त्यांना नको म्हणाले, पण त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ते बोलत सुटले. मला सांगितलेलं सगळं, त्याच क्रमानं: तांबडी माती फासलेला दगड, हुकूम, 'व्हय महाराज', नदीकाठच्या हाका, जोडलेले हात, चौकशी. शेवटी म्हणाले, "तुज्या घरात चूल पेटावी म्हनून तो जलमभर पळपुटा झाला. आन तुज्या आईनं त्याला उनात उबं केलं."

बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं की काय केलं. ते खांबाला टेकून बसले.

रंभाआत्या उभीच होती. तिनं विचारलं, "दगड कुनी मांडला हुता?"

"कोंडाजीनं. तुज्याच बानं."

"आन राजानं दगड बगून हुकूम दिला."

"व्हय."

"मग माज्या बानं काय मोडलं?" तिनं सगळ्यांकडे पाहिलं. "पानी लागंस्तवर थांब म्हनला, थांबला. हुकूम राकला. पानी लागल्यावर उतरायचं न्हाई, न्हाई उतरला. द्येव राकला. मोडलं काय त्यानं?"

मागून कुणीतरी हळूच "खरं हाय" म्हणालं.

मग ती माझ्याकडे वळली. "सायले, काल इचारलं ते आता सांग. उतरला आसता तर वाचला आसता का? गुळगुळीत बोलू नको."

आदल्या संध्याकाळी मी त्या नदीचा नकाशा आणि उंचीची आकडेवारी पाहिली होती. नाही म्हणणं सोपं होतं, आणि तिथं बसलेल्या प्रत्येकाला तेच हवं होतं.

"बहुतेक वाचला असता, आत्या," मी म्हणाले. "आपली नदी अरुंद आणि तीव्र ढाळाची आहे. इथं पाणी वीतभर चढलं की वेगही झटकन वाढतो, आणि वेग दुप्पट झाला तर माणसाला लागणारा रेटा चौपट होतो. म्हणून पाणदेवाचा नियम इथं अगदी बरोबर आहे. तिथली नदी रुंद आणि सपाट आहे. तिथं पाणी सावकाश चढतं. दगड भिजल्यावरही थोडा वेळ उतरता आलं असतं. युवराजांना काठावरून ते दिसत असणार, म्हणून ते हाका मारत होते. नक्की मला सांगता येणार नाही. पण बहुतेक."

जयवंतनं कपाळाला हात लावला. मला वाटलं, आता ती बसेल, किंवा रडेल. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि देवाकडे पाहिलं.

"त्याला कुटं ठाव तितली नदी," ती म्हणाली. "त्यानं आपलीच बगितली हुती." मग म्हणाली, "आन राजालाबी आपली कुटं ठाव."

ती खाली बसली. बसल्यावर जयवंतला म्हणाली, "वर घाल त्याचं नाव. माजं व्हय हाय."

जयवंतनं सुटकेचा श्वास सोडला. "झालं तर मग. सायली, आहे तेच फायनल. पौडच्या कारागिराला उद्या..."

"थांब की," आत्या म्हणाली. "माजं बोलून झालं न्हाई. ही जे वाचती त्यात काय बी न्हाई. दगड न्हाई, हुकूम न्हाई. ते लिवायचं."

"रंभे, कशाला?" दादासाहेब खांबापासून सरकत पुढं आले. "त्यांनी झाकलं ते तुज्यासाटीच ना?"

"माज्यासाटी झाकलं तर उगडायचं मीच सांगनार. पेन्शन आई खाऊन गेली. आता माजं काय जातंय? त्येचं नाव अजून पुस्तकात पळपुटा म्हनून हाय. हिनंच वाचलं ना?"

"अगं, पण त्यात युवराज चौकशीत खोटं बोलले असं येणार," जयवंत म्हणाला. "देवाच्या अंगणात, स्तंभावर, राजे खोटं बोलले असं कोरायचं? लोक काय म्हणतील?"

"काय म्हनतील? तू निवडनुकीला बोलतोस त्यापरीस बरंच म्हनतील."

मंडप हसला. दादासाहेबसुद्धा हसले, डोळे पुसत. जयवंतनं दोन्ही हात वर केले.

मी तिथंच, देवळाच्या पायरीवर बसून, मजकूर नव्यानं लिहिला. पाणदेवाची रीत एका वाक्यात. हुकूम एका वाक्यात, युवराजांच्याच शब्दांत. कोंडाजी आणि त्याची तुकडी पाणी लागेपर्यंत थांबली, आणि लागल्यावर आपल्या नदीच्या नियमाप्रमाणे उतरली नाही, हे एका वाक्यात. मेलेल्यांना हुकूम मोडल्याचा दोष लागू नये म्हणून युवराजांनी हुकूम दिलाच नाही असं चौकशीत सांगितलं, पलटणीची कमान गमावली, आणि हयातभर खुलासा केला नाही. विश्रामनं ही गोष्ट जपली, हेही घातलं; दादासाहेबांनी ते दोनदा वाचायला लावलं.

आत्या शेजारी बसून ऐकत होती. 'शूर युवराज त्रिविक्रमराव' इथं तिनं माझ्या हातावर बोट ठेवलं.

"शूर कशाला?"

"नको?"

"काय केलं ते खाली लिवलंयस ना सगळं? मग लोकांना वाचू दे. लोकच म्हनतील."

मी तो शब्द खोडला आणि मजकूर जयवंतच्या हातात दिला. त्यानं तो उभ्या गावकीला मोठ्यानं वाचून दाखवला. वाचताना 'चौकशीत' या शब्दाशी तो थोडा अडखळला, पण थांबला नाही. मग रीतीप्रमाणे एकेका घराला विचारलं. कोंडाजीच्या घराचा पुकारा झाला तेव्हा रंभाआत्या गुडघ्यावर हात देऊन उठली, आणि मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, "व्हय."